टाच दुखत होती, बिघडली होती झोप: फोंड्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण संबंधित बाईंच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. झोपेवरचे उपचार मी केले नाहीत. ते फिजिशियन आणि मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) यांनी केले. पण बाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या टाचेसाठी, आणि पुढचे सहा महिने व्यायामाची बाजू माझ्याकडे राहिली. त्यामुळे हा सगळा प्रवास मी जवळून पाहिला.

पार्श्वभूमी

माधवीताई ४३ वर्षांच्या. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतात. यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत पाळीने कामाला, दर तिसरा आठवडा रात्रपाळीचा. मुलगा बारावीला. घरी सासूबाई, वय ७४. माधवीताई चार वर्षांपासून धावतात. सुरुवात वजनासाठी झाली, मग गोडी लागली. गेल्या वर्षी १० किलोमीटर ६१ मिनिटांत पूर्ण केलं होतं आणि यंदा डिसेंबरमध्ये २१ किलोमीटर धावायचं ठरवलं होतं.

गोव्यात धावणाऱ्याला हवा वेळ ठरवून देते. मार्चपासून उकाडा वाढत जातो, हवेतला दमटपणा इतका की सकाळी सातलाच अंगावरचा घाम वाळत नाही. त्यामुळे इथली बहुतेक धावणारी मंडळी पहाटे पाचला रस्त्यावर असतात. माधवीताईंना शाळेत पावणेआठला हजर व्हायचं, त्याआधी चौघांचा नाश्ता आणि दोन डबे. म्हणजे साडेचारचा गजर. हे गणित तीन वर्षं जमलं, कारण रात्री दहाला डोळा लागत असे आणि दुपारी शाळेतून आल्यावर जेवून अर्धा तास पडायला मिळत असे.

यंदा शिगम्याच्या सुमारास सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. इस्पितळात रात्री माधवीताई बसायच्या, कारण यजमानांच्या पाळ्या आणि मुलाचा अभ्यास. पुढे घरी आणल्यावरही रात्री दोनदा-तीनदा उठून सासूबाईंना कमोडवर बसवणं त्यांच्याच वाट्याला आलं. मेपर्यंत सासूबाई वॉकर घेऊन चालू लागल्या. हाक मारण्याचं प्रमाण रात्रीतून एकदावर आलं. माधवीताईंची झोप मात्र परत आली नाही.

अडचण

जूनच्या शेवटी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा उजव्या टाचेच्या वरचा स्नायुबंध, म्हणजे अकिलीस, सकाळी उठल्यावर आखडत होता. दोन महिने दुखत होता आणि विश्रांती घेऊनही हटत नव्हता. तपासणीत फार गंभीर काही नव्हतं. इतक्या दुखण्याला साधारणपणे जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त का लागतो आहे, हे शोधताना मी झोपेचं विचारलं. त्यांनी मोबाइल काढून घड्याळाच्या ॲपमधले आलेख दाखवले. रोजचा ‘झोपेचा गुण’ चाळीस-पन्नासच्या घरात. त्या म्हणाल्या, “रोज सकाळी आधी हे बघते. आकडा कमी दिसला की दिवस तिथेच संपतो.”

त्यांची रात्र अशी होती. साडेचारला उठायचं म्हणून नऊलाच अंथरुणावर. साडेदहा-अकरापर्यंत तळमळ. मग डोळा लागायचा, दोनच्या सुमारास जाग यायची, कधी सासूबाईंच्या हाकेने, कधी हाक यायच्या आधीच. मग उशाचं घड्याळ बघायचं, साडेचारला किती तास उरले ते मोजायचं, उद्याच्या धावण्याची काळजी करायची. कधी साडेतीनला झोप लागे आणि तासाभरात गजर. दुपारी शाळेतून आल्यावर मात्र मेल्यासारखी झोप. अर्ध्या तासाची वामकुक्षी आता पावणेदोन तासांची झाली होती. संध्याकाळी डोकं जड म्हणून कडक चहा, रात्री वह्या तपासताना कॉफी.

शरीरावर याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. सकाळी उठल्या-उठल्या मोजलेली नाडी पूर्वी मिनिटाला ५८ असायची, ती ६६ झाली होती. पूर्वी ज्या वेगाने धावताना शेजारणीशी गप्पा व्हायच्या, त्याच वेगाला आता धाप लागत होती. वजन तीन किलो वाढलं होतं. रात्री आठनंतर फरसाण, बिस्किटं, जे हाताला लागेल ते खाल्लं जाई आणि याबद्दल त्यांना फार अपराधी वाटत होतं.

यात त्यांच्या मनोबलाचा दोष नव्हता, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. अपुऱ्या झोपेत भुकेची संप्रेरकं बदलतात. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना एकसारखाच कमी आहार दोन आठवडे देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली होती. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी घटली आणि स्नायूंसकट इतर ऊती जास्त झडल्या. गाढ झोपेत शरीर वाढीचं संप्रेरक सोडतं, व्यायामाने झालेली झीज भरून काढायला ते लागतं. धावण्याची धापही यात आलीच. एका वाईट रात्रीने ताकद फारशी ढळत नाही, पण तेवढंच काम जास्त कष्टाचं वाटू लागतं. महिनोन्महिने तसं वाटत राहिलं की माणूस एक तर व्यायाम सोडतो, नाही तर जिद्दीने वाढवतो. माधवीताईंनी वाढवला होता. आठवड्यात तीनदा धावायच्या, ते पाचदा केलं होतं, ‘थकले की झोप लागेल’ या आशेने.

त्यांना अनिद्रा तीव्रता प्रश्नावली भरायला दिली. सात प्रश्न, गुण ० ते २८. त्यांचे गुण आले १९, म्हणजे मध्यम तीव्रतेची अनिद्रा. आठवड्यात निदान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त, असा त्रास असेल तर त्याला दीर्घकालीन अनिद्रा म्हणतात. त्यांचा चौथा महिना चालू होता.

आधी काय वगळायचं

झोपेच्या उपायांकडे वळण्यापूर्वी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं आहे का, संध्याकाळी पाय अस्वस्थ होतात का, पाळी अनियमित झाली आहे का, मन खिन्न राहतं का, हे सगळं विचारलं गेलं. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ११.२ होतं. स्त्रियांमध्ये १२च्या खाली ते कमी समजलं जातं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे धापेत जो फरक पडला त्यात या गोळ्यांचा वाटा नक्की आहे, आणि सगळं श्रेय झोपेला देणं बरोबर होणार नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय गोळीचा. खरं तर तो त्यांनी आधीच वापरून पाहिला होता. जावेकडे अल्प्राझोलामच्या, म्हणजे चिंता कमी करून झोप आणणाऱ्या गोळ्या होत्या, तिने “अर्धी घेऊन बघ” म्हणून चार दिल्या होत्या. आपल्याकडे हे फार सर्रास चालतं. ही औषधं अनुसूची एच-१ मधली आहेत, चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण घरातल्या घरात गोळी या हातातून त्या हातात जाते तिथे कायदा पोचत नाही. फिजिशियननी त्यांना रागावलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, “रात्री दोनला सासूबाईंना धरून उठवताना तुमचाच तोल गेला तर?” हा मुद्दा त्यांना पटला. थोड्या दिवसांसाठी देखरेखीखाली गोळी घेणं हा वैद्यकीयदृष्ट्या रास्त मार्ग होता आणि तो खुला ठेवला होता. त्यांनी तूर्त नको म्हटलं.

दुसरा पर्याय व्यायाम पूर्ण थांबवण्याचा. घरच्यांचं हेच म्हणणं होतं. “झोप नाही आणि धावतेस कशाला?” असं यजमान रोज म्हणत. तिसरा, आहे तसं चालू ठेवून फक्त टाचेचे व्यायाम करायचे. चौथा, अनिद्रेसाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या झोप-संशोधकांच्या संस्थेने २०१७ मध्ये दीर्घकालीन अनिद्रेला गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला आहे.

मानसोपचाराचं नाव निघाल्यावर माधवीताई गप्प झाल्या. बांबोळीला मानसिक आरोग्यासाठीची सरकारी संस्था आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, हे त्यांना माहीत होतं. “तिथे मला कुणी पाहिलं तर शाळेत काय सांगू?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही दिला. शेवटी त्यांनी व्हिडिओ कॉलवर भेटणारी खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडली. या भीतीपायी आठवडाभर गेला. पण जो मार्ग माणूस शेवटपर्यंत चालणार आहे तोच निवडावा, असं माझं मत आहे, आणि म्हणून मी बांबोळीचा आग्रह धरला नाही.

व्यायामाच्या बाबतीत निर्णय माझा होता. पूर्ण बंद करणं मला मान्य नव्हतं. नियमित व्यायामाने झोप सुधारते, शिवाय धावणं हा त्यांच्या दिवसातला एकमेव तास होता जो त्यांच्या स्वतःचा होता. तो काढून घेतला असता तर अंथरुणावर पडून काळजी करायला आणखी वेळ मिळाला असता. पण पहाटेचं धावणं मी थांबवलं. साडेचारच्या गजरामुळे त्या नऊला झोपायला जात होत्या, आणि नऊला झोप येण्याइतका त्यांचा दिवस झालेलाच नसायचा. धावणं संध्याकाळी साडेपाचला आणलं, आठवड्यात तीन दिवस, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. २१ किलोमीटरचं ध्येय सोडून १० किलोमीटर धरलं. हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांच्या मेहनतीनंतर मागे यावं लागतं आहे असं त्यांना वाटलं.

काय केलं

सायकॉलॉजिस्टने पहिलं काम केलं ते मनगटावरचं घड्याळ उतरवण्याचं. त्याऐवजी कागदावर साधी झोपेची नोंदवही: किती वाजता पाठ टेकली, साधारण किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलात. रात्री घड्याळ न बघता, सकाळी अंदाजाने लिहायची. दोन आठवड्यांच्या नोंदींतून आकडे निघाले: रात्री अंथरुणावर सरासरी ८ तास, प्रत्यक्ष झोप ५ तास १० मिनिटं. म्हणजे अंथरुणावरच्या वेळेपैकी जेमतेम ६५ टक्के झोपेत जात होते. ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक समजतात.

मग आला तो भाग, जो ऐकून घरातले सगळे चक्रावले. झोपायची वेळ आणखी कमी करायची. रात्री साडेअकरा ते पहाटे सव्वापाच, पावणेसहा तास, त्याआधी अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि सव्वापाचनंतर रविवार असला तरी लोळायचं नाही. झोप आली नाही किंवा मध्येच उडाली आणि बराच वेळ जागं राहिल्यासारखं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं.

यामागचं कारण सोपं आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. जितका वेळ जागे, तितकी ओढ जास्त. दुपारी पावणेदोन तास झोपलं की ती ओढ संध्याकाळीच खर्ची पडलेली असते. त्यावर चहा-कॉफी, जी ॲडेनोसिनचा परिणाम अडवते आणि जिचा निम्मा अंश पाचेक तासांनंतरही रक्तात असतो. वर नऊला अंथरुण. माधवीताई झोप भरून काढायला जे जे करत होत्या त्या प्रत्येक गोष्टीने रात्रीची झोप आणखी पातळ होत होती. चुलीवरची पेज शिजायच्या आत दर पाच मिनिटांनी झाकण काढावं, तसं चाललं होतं. सासूबाईंच्या पडण्याने अनिद्रा सुरू झाली, पण सासूबाई चालू लागल्यावरही ती टिकली ती या सवयींमुळे.

अपस्मार (फिट्स), द्विध्रुवी विकार (बायपोलर) अशा आजारांत ही पद्धत अशी सरसकट वापरत नाहीत, आणि पहिल्या आठवड्यांत दिवसा झापड येते. म्हणून एक अट घातली गेली: पहिले पंधरा दिवस स्कूटर नाही. जुलैचा पाऊस, फोंड्याकडचे वळणाचे रस्ते आणि पेंगणारा डोळा, हे एकत्र नकोच होतं. जाताना एका सहकारी शिक्षिकेच्या गाडीतून आणि येताना कदंबच्या बसने, असं ठरलं.

वामकुक्षीचा प्रश्न

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती दुपारवर. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार गाव अक्षरशः थांबतं. दुकानांची दारं ओढलेली, घरात पंखे गरगरत असतात, भात आणि हुमण (माशांची आमटी) पोटात गेलेलं असतं. अशा घरात एकटीने जागं राहायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या तज्ज्ञाला समजावून सांगावं लागलं. सायकॉलॉजिस्टचं म्हणणं दुपारची झोप पूर्ण बंद. माधवीताईंचं म्हणणं, “मला पाचला उठून रात्री साडेअकरापर्यंत उभं राहायचंय, निदान पाठ तरी टेकू द्या.”

तडजोड झाली. तीन वाजायच्या आत, खाटेवर नाही, सोप्यावरच्या आरामखुर्चीत, वीस मिनिटं, गजर लावून. त्यानंतर तिथेच बसून वह्या तपासायच्या, म्हणजे रात्री कॉफी घेऊन वह्या तपासण्याचं कारणच उरणार नाही. तीननंतर चहा-कॉफी बंद, त्याऐवजी कोकम सरबत. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून दोनदा उठून त्या खाटेवर गेल्या आणि साडेचारला उठल्या. दोन्ही रात्री नोंदवहीत झोप लागायला तासापेक्षा जास्त वेळ लागल्याचं त्यांनीच लिहिलं. कुणी काही बोलायच्या आत त्यांना स्वतःच्या अक्षरात पुरावा मिळाला. मला वाटतं, पुढे त्यांनी खुर्ची सोडली नाही त्याचं कारण हेच.

सासूबाईंची रात्र

साडेअकरापर्यंत जागायचं ठरल्यावर एक गोष्ट आपोआप सुचली. रात्री सव्वाअकराला सासूबाईंना उठवून एकदा कमोडवर नेऊन आणायचं. पूर्वी त्या साडेनवाला झोपायच्या आणि दोनला हाक यायची. आता हाक पहाटे चारच्या पुढे गेली, काही रात्री आलीच नाही. दुसरी गोष्ट फिजिशियनच्या लक्षात आली: सासूबाईंच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी होती आणि ती रात्रीच्या जेवणानंतर दिली जात होती. ती सकाळी हलवली. हे दोन बदल आधी झाले असते तर एप्रिल-मेमधल्या किती रात्री वाचल्या असत्या.

तिसरा बदल सांगायला सोपा, करायला कठीण. रात्रपाळी नसलेल्या दोन आठवड्यांत हाकेला यजमानांनी उठायचं. सुरुवातीला सासूबाईंना संकोच वाटला, मुलाकडून हे कसं करून घ्यायचं म्हणून. यजमानांनीच त्यांची समजूत घातली: “आई, लहानपणी तू माझं केलंस ना? आता मी केलं तर काय झालं?” खाटेला एक छोटी घंटा बांधली, म्हणजे हाक मारून सगळं घर जागं व्हायला नको. घंटा वाजली आणि माधवीताईंना जाग आली तरी उठायचं नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

पहिले दहा दिवस

हे दिवस वाईट गेले, आणि अशा प्रकरणांत ते झाकून ठेवू नये. पहिल्या आठवड्यात सरासरी झोप ४ तास ५० मिनिटं, म्हणजे आधीपेक्षाही कमी. चौथ्या दिवशी वर्गात फळ्यावर साधी वजाबाकी चुकली आणि मुलांनी दाखवून दिली. घरी येऊन त्या रडल्या. रात्री साडेदहाला मला संदेश आला: “आता झोपू का? डोळे मिटताहेत.” मी सायकॉलॉजिस्टला विचारून कळवलं की अजून तासभर. त्या तासात त्यांनी मुलासोबत उभ्याने कपड्यांच्या घड्या घातल्या. डोळे मिटताहेत, ही तक्रार चार महिन्यांत पहिल्यांदाच आली होती आणि ती चांगली खूण होती.

दुसऱ्या आठवड्यात ५ तास १० मिनिटं. एकूण झोप पूर्वीइतकीच, पण आता ती सलग होती, अंथरुणावरच्या वेळेच्या ९० टक्के. तिथून पुढे टक्केवारी ८५च्या वर राहिली की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची, असा नियम. ऑगस्टच्या मध्याला साडेसहा तासांची मुभा मिळाली होती.

या काळात माझ्याकडून फक्त टाच उंचावण्याचे व्यायाम, हळूहळू वजन वाढवत, आणि संध्याकाळचं हलकं धावणं. तीन आठवडे मी वेगाचं काहीही करू दिलं नाही. झोप तुटलेली असताना स्नायुबंधावर ताण वाढवणं मला धोक्याचं वाटत होतं.

चवथ

मग चवथ आली. मूळ घरी पाच दिवसांचा गणपती, तीस-एक माणसं, माटोळी (गणपतीच्या वरचं फळा-पानांचं छत) बांधायची, नेवऱ्यांचं सारण मध्यरात्रीपर्यंत, त्यावर रात्रीच्या घुमट आरत्या. माधवीताईंना विचारलं होतं की या दिवसांत नियमांचं काय करायचं. दोन मार्ग होते. नियम पाळायचे आणि आरती चालू असताना आत जाऊन पडायचं, किंवा सण सणासारखा करायचा आणि फक्त एक धागा धरून ठेवायचा. आम्ही दुसरा घेतला. धागा एकच: झोपायला कितीही वाजोत, उठायचं सव्वापाचला, आणि दुपारी खुर्चीच.

उठणं जमलं. दुपार जमली नाही. एवढ्या बायका माजघरात आडव्या होऊन गप्पा मारताना एकटीने खुर्चीत बसणं त्यांना विचित्र वाटलं, आणि माझ्या मते ते स्वाभाविक होतं. सण संपल्यावर आठवडाभर दोनची जाग परत आली. त्या घाबरल्या, सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. सायकॉलॉजिस्टने मुभा सहा तासांवर आणली आणि दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली. दुसऱ्यांदा तेच उपाय लवकर लागू पडले. त्यातून त्यांना बळ मिळालं.

निष्पत्ती

डिसेंबरमध्ये पुन्हा प्रश्नावली भरली, गुण ९. सव्वादहा ते सव्वापाच अशी सात तासांची वेळ, त्यात सरासरी ६ तास २० मिनिटं झोप. रात्री दोनला जाग अजूनही येते, आठवड्यातून एखाद-दोनदा, आणि यजमानांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात जास्त. सकाळची नाडी ६० वर आली. वाढलेल्या तीन किलोंपैकी एक गेला. रात्रीचं खाणं बरंच कमी झालं, त्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. हिमोग्लोबिन १२.४. टाच ऑक्टोबरमध्ये दुखायची थांबली. दहा किलोमीटर ६६ मिनिटांत, गेल्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं हळू. शेवटच्या दोन किलोमीटरला धाप लागली नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट इस्पितळातल्या रात्रींची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना पेशंटने कसं चालायचं, काय खायचं हे सांगितलं जातं. रात्री कोण उठणार, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे त्याचं उत्तर गृहीत धरलेलं असतं आणि ते उत्तर बहुतेक घरांत एकच बाई असते. मार्चमध्येच आठवड्यातल्या रात्री वाटून घेतल्या असत्या आणि मधल्या काळात दोन-तीन रात्रींसाठी मदतनीस ठेवली असती, तर त्यांच्या झोपेचं वेळापत्रक इतकं मोडलं नसतं. खर्च त्यांना परवडणारा होता. सुचलंच नाही.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. धाप मे महिन्यात सुरू झाली, तपासणी जुलैत झाली. चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या, आठवड्यात पाचदा धावणाऱ्या बाईची धाप वाढली तर रक्त तपासायला दोन महिने थांबू नये.

तिसरीवर माझं आणि सायकॉलॉजिस्टचं एकमत नाही. तिच्या मते चवथीच्या आठवडाभर आधी मुभा वाढवायचीच थांबवायला हवी होती, म्हणजे घसरण सौम्य झाली असती. मला वाटतं, त्या वाढलेल्या वेळेमुळेच सणाच्या कामाला अंगात ताकद होती. जत्रांचा हंगाम चालू आहे, गावच्या देवळात रात्रभराचं नाटक असतं आणि त्यात त्यांच्या मुलाची यंदा पहिली भूमिका आहे. त्या रात्री पूर्ण जागणारच आहेत. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला उठणं शक्य नाही, म्हणून साडेसात ठरवलं आहे, दुपारी खुर्ची, आणि तीन दिवस नोंदवही.

२१ किलोमीटरचं त्यांनी पुढच्या वर्षीसाठी विचारलं आहे. मी जूनमध्ये रक्त आणि प्रश्नावली पुन्हा बघून सांगते म्हटलं आहे. पहाटेचं धावणं सुरू करायचं तर झोपायची वेळ साडेनऊवर आणावी लागेल, आणि सासूबाईंना रात्री उशिरा कोण उठवणार हा प्रश्न परत उभा राहील. मुलगा परीक्षेनंतर ते काम घ्यायला तयार आहे.